शेवरखोलचं खळं, अक्षांश-रेखांशासह

मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दर जून महिन्यात पहिला धडा तोच: भूगोलाच्या अभ्यासातल्या पाच मूलभूत संकल्पना. स्थान, स्थळ, माणूस आणि पर्यावरण यांचा संबंध, हालचाल आणि प्रदेश. मुलं पाठ करत, परीक्षेत ओकत आणि सुट्टी लागायच्या आत विसरत. मला त्यांचा राग येत नसे. राग यायचा पुस्तक लिहिणाऱ्यांचा. या पाचांपैकी एकीलाही त्यांनी कधी चपला घालून घराबाहेर काढलं असेल असं वाटत नसे. स्थानाचं उदाहरण दिल्ली. हालचालीचं उदाहरण पुन्हा दिल्लीच, कारण तिथे आगगाडी जाते. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची सगळ्यात लांबची हालचाल रत्नागिरीच्या एसटी स्टँडपर्यंत झालेली असायची, तीही दाढ काढायला.

हे सांगते ते एवढ्यासाठी, की पुढे जे घडलं त्यात मूर्खपणाची वाटणी करताना माझा वाटा कोणी कमी धरू नये. मला सगळं माहीत होतं.

आमचं शेवरखोल रत्नागिरीहून एसटीनं सव्वा तासावर. मध्ये खाडीचं तोंड. उत्तरेला पुळण म्हणजे वाळूचा किनारा, आमची मासेमार खारव्यांची वाडी आणि वाडीच्या मागे डोंगरीवर देऊळ. खाडीच्या दक्षिणेला नुसता कातळ, काळा आणि उघडाबोडका, जिथे गुरंही नाइलाजानं जातात. पुळण आणि वाडी यांच्यामध्ये एक सपाट उंचवटा आहे. त्याला आम्ही खळं म्हणतो. पाऊस थांबला की वाडीतल्या साठेक बायका तिथे मासळी वाळवतात. जवळा, मांदेली, फाडलेले बांगडे. ओली मासळी पुरुष विकतात आणि तिचा पैसा डिझेलात जातो. वर्षभराची चूल सुक्या मासळीवर चालते. खळं नसलं तर काय होईल याचा विचार कोणी कधी केला नव्हता, कारण खळं नसेल हा विचारच कोणी केला नव्हता. जमीन सरकारी. कागदावर आमचं त्यातलं बोटभरही नाही.

खळ्याच्या समुद्राकडच्या कडेला एक धोंडा आहे, बैलगाडीएवढा. माझी वहिनी मालन त्याला दर नारळी पौर्णिमेला चुना लावते आणि वर नारळ फोडते. ती लग्न होऊन आली त्या वर्षी माझ्या वडिलांनी हे काम तिच्याकडे दिलं होतं. राखणदार आहे, एवढंच सांगितलं. तिनं चाळीस वर्षांत एक साल चुकवलेलं नाही.

तिचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ दाजी. वाडीतला जुना तांडेल, होडीचा म्होरक्या. तांडेलाची सगळी कमाई त्याच्या खुणांत असते. पाण्याखाली कुठे कुठे खडक आहेत, त्यांच्या आसऱ्याला मासा असतो, पण समुद्रात काही पाटी लावलेली नसते. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरायच्या, दुसरीकडच्या आणखी दोन दुसऱ्या रेषेत, आणि दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे नांगर टाकायचा. आठवी नापास माणसं हे डोळ्यांनी करतात. मी वर्गात याला ‘सापेक्ष स्थान’ म्हणायची आणि आवाजात थोडी कीव मिसळायची. ‘निरपेक्ष स्थान’ म्हणजे अक्षांश-रेखांश, ते शहाण्यांचं. आता होड्यांवर जीपीएस आलंय. दाजीच्याही होडीवर आहे. पण तो आपली जागा त्यात साठवत नाही. त्याचं म्हणणं, यंत्र दुरुस्तीला गेलं की जागा बाजारात जाते.

आणि खुणा कोणी कोणाला सांगत नाही. होडी भरून आली की धक्क्यावरचा माणूस विचारतो, “खंय गावला?” तांडेल हनुवटी उडवतो ती बरोबर उलट्या दिशेला. उत्तरेला गावलं तर दक्षिणेला. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, तरी तो विचारतो आणि मान डोलावतो. आमच्याकडे हा शिष्टाचार आहे. खरं सांगणाऱ्या माणसाकडे लोक उलट संशयानं बघतील.

गेल्या वर्षी कुठल्याशा कंपनीला किनाऱ्याचे नकाशे करण्याचं कंत्राट मिळालं. कोळीवाडे, होड्या लावायच्या जागा, मासळी वाळवायच्या जागा, सगळं नकाशावर यायचं होतं. जे नकाशावर येईल ते राखलं जाणार होतं, जे येणार नाही ते मोकळं. कामाची मुदत ऑगस्टअखेर, म्हणून त्यांनी माणसं पाठवली जुलैत. कोकणात, जुलैत, मासळी कुठे वाळते ते बघायला! मासेमारी बंद, होड्या झापांखाली, समुद्र पिसाळलेला आणि खळ्यावर गुडघाभर हिरवं गवत. याच अकलेनं चाललं तर पुढल्या खेपेला हे लोक मे महिन्यात भातलावणी मोजायला येतील.

आली ती सानिका नावाची पुण्याची मुलगी. चोवीस-पंचवीस वर्षांची, गुलाबी रेनकोट, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला टॅब. मुलगी वाईट नव्हती. जे सांगितलं होतं ते करत होती, आणि सध्या यालाच हुशारी म्हणतात. तिनं दाजीला धक्क्यावर गाठलं.

पहिला प्रश्न विचारला, “काका, तुम्ही मासे कुठे पकडता?”

दाजीनं दक्षिणेला हनुवटी उडवली. तिनं टॅबवर बोट टेकवलं.

“आणि वाळवता कुठे?”

तेव्हा दाजी खळ्यापासून शंभर पावलांवर उभा होता. त्यानं खाडीपलीकडच्या कातळाकडे हात केला आणि म्हणाला, “थंय. कातळावर.”

खाडीतली तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, पावसात बंद असते, म्हणून पोरगी पलीकडे गेली नाही. पडद्यावरच्या चित्रात कातळ शोधून तिनं त्यावर बोट टेकवलं. दशांशचिन्हापुढे सहा आकडे उमटले. मग ती खळ्यावर गेली, गवताचे फोटो काढले आणि लिहिलं, रिकामी जागा.

यातलं मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. ती संध्याकाळी माझ्याकडे आली, कारण गावात निवृत्त भूगोलाच्या बाई आहेत असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी चहा केला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा भूगोल ऐकायला कोणीतरी आपण होऊन माझ्या दारात आलं होतं. मी पाचही संकल्पना समजावून दिल्या. स्थळ म्हणजे नुसतं स्थान नव्हे, जागेला स्वभाव असतो, वगैरे. ती बिचारी मान हलवत होती. शेवटी तिनं एक कागद पुढे केला. आमच्या गावातल्या जागांची यादी, प्रत्येकीपुढे अक्षांश-रेखांश, आणि खाली सहीची जागा: ‘स्थानिक भूगोलतज्ज्ञ’.

माझ्या फोनमध्ये नकाशा आहे. ते आकडे त्यात टाकून बघायला मला एक मिनिट लागलं असतं. मी काय वाचलं सांगू? ‘भूगोलतज्ज्ञ’ एवढंच वाचलं. झोकात सही ठोकली, खाली रेघ ओढली आणि वर तिला दोन आमसुलाच्या पुड्या बांधून दिल्या.

सप्टेंबरात नकाशाचा मसुदा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागला. तो सगळ्यात आधी वाचला मालनवहिनीनं, चौथी पास बाईनं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. आमच्या खळ्याच्या जागी लिहिलं होतं: ‘रिकामी सरकारी जमीन. प्रस्तावित वाहनतळ व सेल्फी पॉइंट’. आणि खाडीपलीकडे, कातळावर, एक छान माशाचं चित्र.

ती तडक माझ्या ओटीवर आली. “वन्सं, ह्ये काय? आमी मासली घेऊन तरीतनं खाडीपार जायचा? कातळावर चढायचा? आनी गाड्या उभ्या ऱ्हानार आमच्या खळ्यात?”

मी गेले, बघितलं आणि घरी येऊन माझ्याकडची कागदाची प्रत काढली. आकडे फोनमध्ये टाकले. लाल टाचणी कातळावर जाऊन बसली. माझ्या सहीच्या खालची रेघ अगदी सरळ होती.

दाजीला विचारलं तेव्हा तो जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, “मी सांगितला तिला. कातळावर म्हनून.”

“पण का?”

“विचारलान म्हनून.”

“अरे, पण खरं सांगायचं ना!”

“सरकाराला?” आता त्यानं मान वर केली. “सावी, सरकाराला जी जागा दाखवलीस ती गेली. होड्यांचे नंबर दाखवले, दंड आला. घराची जमीन दाखवली, नोटीस आली. मी खळा लपवला.”

मी तोंडाला येईल ते बोलले. बाप काढला, जो माझाही होता. दाखवलेली जागा सरकार घेतं हे त्याचं गणित होतं आणि आता न दाखवलेली जागा सरकारनं घेतली होती. दाजी ऐकत राहिला. शेवटी एकच बोलला, “सही कोनाची हाय?”

हरकती ऐकायला रत्नागिरीत एका सभागृहात तारीख लागली, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. खळं अजून गवतातच. मासळी पसरायला दसरा उजाडला असता, आणि दसऱ्याच्या आत नकाशा पक्का होणार होता. म्हणजे आंब्याच्या मोसमाची चौकशी दिवाळीत करायची आणि झाडाला आंबा नाही म्हणून ते झाड जांभळाचं ठरवायचं.

आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो. मालन आणि वीसेक बायका, दाजी, मी, आणि वाडीतले बाकीचे बारा तांडेल. तांडेलांमध्ये विठूही होता. दाजीचा जन्माचा प्रतिस्पर्धी. दाजीचा बाप कुठे नांगर टाकायचा हे शोधण्यात विठूच्या बापानं आयुष्य घालवलं होतं आणि विठूही तेच आयुष्य पुढे घालवत होता.

सभागृहात पंखे जोरात आणि माइक बंद. हरकती ऐकणारे साहेब मध्यभागी. शेजारी सानिका, टॅब घेऊन. मला बघून ती हसली, आणि मला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

आमचा नंबर आला. बायकांनी साठ घरांची चूल खळ्यावर चालते असं सांगितलं आणि मोबाइलमधले फोटो दाखवले. साहेबांनी ते लांबून बघितले. “यात मासे दिसतात. जागा कुठे दिसते?” खोटं नव्हतं. फोटोत जवळा होता, जवळ्यापुढे डोळे बारीक करून उभी मालन होती, आणि मागे समुद्र. समुद्र काय, गुहागरच्या फोटोत असतो तोच. मी पुढे होऊन फोनवरचं उपग्रहाचं चित्र दाखवलं. त्यात खळ्यावर तपकिरी डाग दिसत होता. साहेब म्हणाले, तपकिरी तर कातळही आहे.

मग त्यांनी फाईल उघडली. “दाजी म्हणजे कोण? तुम्ही? तुमच्या जबाबात मासळी कातळावर वाळवतात असं आहे. आज म्हणता इथे. यातलं खोटं कुठलं?”

दाजी उभा राहिला. “तवाचा खोटा.”

“कशावरून? तेव्हा खोटं बोललात तसं आजही बोलत असाल.” साहेब खूश झाले. अशा वाक्यावर माणसं खूश होतात. “आणि खाली सही आहे. सावित्रीबाई. स्थानिक भूगोलतज्ज्ञ.” हे शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. “आल्यात का तज्ज्ञ?”

मी उभी राहिले. साठीला दोन कमी असलेली बाई, जिनं तीन हजार मुलांना नकाशा वाचायला शिकवलं. “मी न वाचता सही केली,” मी म्हणाले.

सभागृहात कोणीतरी हसलं. आमच्यातलंच असावं. साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं, मी मुलांकडे बघायची तसंच. तोंडात मारल्यासारखं झालं. रडू येत नव्हतं. राग येत होता, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळत नव्हतं, कारण रांगेत पहिली मीच होते.

तेवढ्यात मालन उठली. माइकची वाट न बघता खड्या आवाजात बोलू लागली. “सायब, माला अक्षांश कळत नाय. पन खळ्यावर आमचा राखनदार हाय. धोंडा. चाळीस वर्सं मी त्याला चुना लावतंय, माज्या सासऱ्यानं सांगितलान म्हनून. कातळावर असता खळा, तर राखनदार हिकडं कशाला ऱ्हायला असता?”

“बाई, धोंडे कोकणात सगळीकडे आहेत,” साहेब म्हणाले. “चुनाही आहे. पुढचं गाव घ्या.”

दाजी अजून उभाच होता. तो मालनकडे बघत होता. ती खाली बसली होती आणि पदराच्या टोकानं हात पुसत होती, नुकताच चुना लावून उठल्यासारखे. मी माझ्या भावाला अठ्ठावन्न वर्षं ओळखते. वडील गेले तेव्हा जो चेहरा झाला होता, तोच.

“सायब,” तो म्हणाला, “तो राखनदार नाय.”

सगळी वाडी त्याच्याकडे वळली.

“ती माज्या बापाची नांगराची खून हाय.” त्यानं एकदा विठूकडे बघितलं, मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागला. पाढे म्हणावेत तसा. “खाडीतनं भायर पडायचा, उत्तरेला. डोंगरीवरच्या देवळाचा कळस त्या चुन्याच्या धोंड्यावर बरोब्बर उभा ऱ्हायला की ती एक रेष. बामणघळीचा उंडीचा झाड खडपाच्या नाकावर आला की दुसरी. थंय नांगर सोडायचा. खाली खडक हाय. साडेसात वाव पानी. खडकाभवती पंदरा-सोला वाव. माज्या बापानं तो धोंडा खळ्यावर हाय म्हनून धरलान. बायका तिथं रोज असतात, चुना कोन पुसनार नाय.”

तांडेल असा बसलेला मी कधी पाहिला नव्हता. बाराही जण गुडघ्यांवर हात ठेवून. घराची किल्ली कोणी चारचौघांत ओट्यावर ठेवावी, तशी दाजीनं आपली जागा ठेवली होती.

साहेबांना यातलं काही कळलं नाही. “याचा इथे काय संबंध?”

कळलं ते त्या पुण्याच्या पोरीला. तिनं टॅबमध्ये तो जुलैतला फोटो काढला. ‘रिकामी जागा’. फोटोच्या मधोमध, गवतात, धोंडा, पावसानं चुना ओघळून पांढरे पट्टे उठलेले. मग तिनं देवळाचा कळस घेतला, धोंडा घेतला आणि दोघांमधून रेष समुद्रात लांबवली. दुसरी रेष उंडीच्या झाडावरून, खडपाच्या म्हणजे समुद्रात घुसलेल्या खडकाच्या टोकावरून. मग जहाजांसाठी असतो तो समुद्राच्या खोलीचा तक्ता त्यावर ठेवला आणि दाजीचे वाव, एकेक सहा फुटांचा, मीटरमध्ये करून ताडले. ती वाकून बघत राहिली. तिनं टॅब साहेबांपुढे सरकवला आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. आम्हाला पडदा दिसत नव्हता. साहेबांचा चेहरा दिसत होता. त्यांनी चष्मा पुन्हा लावला.

“हा तक्ता तुम्ही पाहिलाय?” त्यांनी दाजीला विचारलं.

“कसला तक्ता?”

साहेबांनी पेन उघडलं. चाळीस वर्षं चुना लावणारी बाई समोर उभी होती तेव्हा त्यांना पुरावा दिसला नाही. साठ घरांची चूल सांगितली तेव्हा दिसला नाही. काचेवर दोन रेषा एकमेकींना छेदल्या आणि एका आकड्याशी दुसरा आकडा जुळला, तेव्हा साहेबांना शेवरखोल नावाचं गाव दिसलं. त्यांनी लिहिलं: मासळी वाळवण्याची पारंपरिक जागा, दुरुस्ती मान्य. मग सेल्फी पॉइंट कुठे टाकायचा असं त्यांनी सानिकाला विचारलं. ती म्हणाली, कातळावर. लोक म्हणतात सूर्यास्त तिथून चांगला दिसतो.

परतीच्या एसटीत बायका गात होत्या. पुरुष गात नव्हते. मागच्या बाकड्यावर विठू आणि बाकीचे तांडेल डोकी एकत्र करून बसले होते. मालन खिडकीशी, शेजारी दाजी, त्यांच्या मागे मी. खिडकीबाहेर बघत मालन म्हणाली, “चाळीस वर्सं.”

दाजीनं तिकिटं खिशात कोंबली.

“देव म्हनून लावला मी चुना. नारळ फोडले. पोराला ताप आला तवा नवस बोल्लंय मी त्या धोंड्याला.”

“फळला ना?” दाजी म्हणाला.

तिनं त्याच्या दंडावर अशी चापट मारली की पुढचा कंडक्टर वळून बघायला लागला. मला हसू आलं नाही. मी विचार करत होते, खळं राहिलं, पण दाजीचं काय राहिलं? उद्या पहाटे बाराही होड्या त्याच्या बापाच्या खडकावर नांगर टाकून बसतील. आठवड्याभरात खडक साफ होईल. मालनला खळं मिळालं आणि त्याच्यावर पसरायला मासळी आणणारी जागा गेली. माणूस आणि पर्यावरण यांचा संबंध, पाच गुण, उदाहरणासह स्पष्ट करा.

घरी पोचेपर्यंत मात्र मी स्वतःची समजूत घातली होती. दाजी इतका भोळा नाही. खडक खरा असेल, तो साहेबांना दाखवायला. पण तो बापाचा खडक नसणार. एखादा उजाड, मासे संपलेला खडक त्यानं फेकला असेल. आपली खरी जागा कोण सांगतं? संध्याकाळी मी ओटीवर बसून फोनवर नकाशा उघडला आणि दक्षिणेकडचं पाणी निरखत बसले. खरा खडक तिकडेच कुठेतरी असणार होता. भावाच्या चलाखीचा मला अभिमानसुद्धा वाटला.

सकाळी उजाडता उजाडता खळ्यावर गेले. मालन माझ्या आधी येऊन बसली होती. बादलीत चुना, हातात काथ्याचा कुंचला. धोंड्यावरचे ओघळ ती पुसून काढत होती आणि नव्यानं पांढरं करत होती.

“आता कशाला, वहिनी?” मी म्हणाले. “सगळ्यांना कळलं की.”

तिनं कुंचल्यानंच समुद्राकडे खूण केली.

होड्या खाडीच्या तोंडातून बाहेर पडत होत्या. पुढे विठू. तोंडाशी येताच त्यानं होडी डावीकडे घातली, दक्षिणेला. त्याच्यामागून दुसरी, तिसरी, चौथी. बाराच्या बारा. एकमेकांना हाका मारत, चढाओढीनं, कातळाच्या बाजूला. काल सभागृहात त्यांनी दाजीचा शब्द न् शब्द ऐकला होता, आणि तांडेल जे सांगतो त्याचं काय करायचं हे त्यांना बापजाद्यांनी शिकवलं होतं.

सगळ्यांच्या मागून दाजीची होडी निघाली. तोंडाशी क्षणभर थांबली. मग उजवीकडे वळली, एकटी, घाई न करता, आणि उत्तरेच्या मोकळ्या पाण्यात गेली. थोड्या वेळानं ती थांबली. एवढ्या लांबून नांगर दिसत नाही, पण दाजी आमच्याकडे तोंड करून उभा राहिलेला दिसला, देवळाचा कळस धोंड्यावर धरत.

“चाळीस वर्सांत पयल्यांदा खरा बोल्ला,” मालन म्हणाली. “एकानं इस्वास ठेवलान नाय.”

तिनं कुंचला चुन्यात बुडवला, निथळू दिला आणि माझ्याकडे बघितलं.

“तुमी ठेवलात काय, वन्सं?”

माझ्या फोनवर कालचा नकाशा अजून उघडा होता, दक्षिणेच्या पाण्यावर. मी तो पदराखाली घेतला आणि तिच्या हातातली बादली धरली.